विश्लेषण : निकालाच्या दिवशीच विद्यापीठाची वेबसाइट का झोपते?

निकाल, हॉल तिकीट, अर्जाची मुदत आणि शुल्क. विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हवे असते ते साधारण एवढेच, आणि नेमके तेच सापडत नाही. केवळ सर्व्हर वाढवून हे दुखणे जाणार नाही. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या वेब टीमने वर्षाची कामे कशी ठरवावीत, इथपासून सुरुवात करावी लागेल.

निकालाच्या दिवशी आमच्या डिजिटल डेस्कवर एक बातमी ठरलेली असते : ‘निकाल जाहीर, येथे पाहा थेट लिंक’. तिचा सांगाडा आधीच तयार असतो. अभ्यासक्रमाचे नाव बदलायचे, लिंक टाकायची आणि ‘आसन क्रमांक भरा, मग सबमिटवर क्लिक करा’ अशा पाच पायऱ्या लिहायच्या. ही बातमी प्रचंड वाचली जाते. सुरुवातीला मला याचा आनंद व्हायचा. नंतर लक्षात आले की, विद्यार्थी आमच्याकडे येतो कारण विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर त्याला निकालाची जागा सापडलेली नसते. आमचे क्लिक म्हणजे त्या संकेतस्थळाच्या अपयशाची मोजणी आहे.

मी अभियांत्रिकीला असताना आम्ही निकाल रात्री दोन-अडीचला पाहायचो, कारण तेव्हा गर्दी कमी असायची. एका मित्राची पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत हुकली. सूचना संकेतस्थळावर होती, पण ‘विद्यार्थी’ या विभागात नव्हती. ती ‘परिपत्रके’ या यादीत, तिसऱ्या-चौथ्या पानावर, फक्त क्रमांक आणि तारीख असलेल्या एका पीडीएफमध्ये होती. त्याला तो विषय सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा लागला. विद्यापीठाच्या दृष्टीने माहिती ‘प्रसिद्ध’ झालेली होती. त्याच्या दृष्टीने ती नव्हतीच.

वेब टीम म्हणजे नेमके कोण?

बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत ही टीम म्हणजे संगणक विभागातील मोजकी माणसे. काही कायम, काही कंत्राटी. मुख्य संकेतस्थळ एका कंपनीने बनवलेले, परीक्षेचे पोर्टल दुसऱ्या कंपनीचे, प्रवेशाचे तिसऱ्या. विद्यार्थ्याला मात्र हे सगळे एकच वाटते : ‘युनिव्हर्सिटीची साइट’. त्यामुळे परीक्षेचे पोर्टल बंद पडले तरी बोलणी याच टीमला बसतात, आणि पोर्टलच्या कंपनीला जाब विचारण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो.

टीमचा दिवस कसा जातो? एका विभागाला चर्चासत्राचा बॅनर हवा असतो. दुसऱ्याला प्रमुख पाहुण्यांचा फोटो बदलायचा असतो. लेखा विभागाची निविदा, मग त्या निविदेचे शुद्धिपत्रक. प्रत्येक काम ‘आजच्या आज’ हवे असते. ज्याचा फोन आधी आणि ज्याचे पद मोठे, त्याचे काम आधी. वर्ष संपताना किती फाइल चढवल्या हे सांगता येते. विद्यार्थ्याचे कोणते काम सोपे झाले, हे सांगता येत नाही.

यात टीमच्या कष्टाची कमतरता नाही. तिच्याकडे आलेल्या कामांची रांग आहे, ठरवलेल्या कामांची यादी नाही. नियोजनाचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

नवे संकेतस्थळ आणले की प्रश्न सुटतो का?

तक्रारी वाढल्या की ठरलेला उपाय म्हणजे नवे संकेतस्थळ. निविदा निघते, समिती बसते. समितीचा बराच वेळ मुखपृष्ठावर कोणाचे छायाचित्र कुठे असावे यात जातो. मग लोकार्पण होते, बटण दाबले जाते, टाळ्या पडतात. काही महिन्यांत कंपनीचा करार संपतो. जुन्या परिपत्रकांच्या लिंक तुटलेल्या असतात. व्हॉट्सअॅप गटांत, महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर, बातम्यांत दिलेल्या त्या लिंकवर क्लिक केले की ‘पान सापडले नाही’ असे उत्तर येते. तीन-चार वर्षांनी पुन्हा तक्रारी, पुन्हा निविदा.

हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये ‘एक्सकेसीडी’ या आपल्या चित्रमालिकेत विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर एक चित्र काढले होते. एकमेकांना किंचित छेदणारी दोन वर्तुळे. एकात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्हींत सामायिक असे एकच होते, संस्थेचे पूर्ण नाव. त्याला दीड दशक उलटले, तरी आपल्याकडच्या कितीतरी मुखपृष्ठांना ते चित्र आजही लागू पडते.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की, चांगले वेबपत्ते बदलत नाहीत. ते बदलतात तेव्हा त्यामागे बहुधा नियोजनाचा अभाव असतो. आपल्याकडे याचे चांगले उदाहरणही आहे. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, पण ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ हा पत्ता तसाच राहिला. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले, तरी ‘एनएमयू’चा पत्ता चालूच राहिला. मूळ पत्ता जपता येत असेल, तर आतल्या पानांचे पत्तेही जपता येतात. नव्या संकेतस्थळाच्या निविदेत ‘जुनी प्रत्येक लिंक नव्या पानावर पोहोचली पाहिजे’ अशी एक अट टाकली की पुरे.

मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये काय घडले होते?

चुकलेल्या नियोजनाची किंमत कोण मोजते, हे समजून घ्यायचे तर २०१७ चा उन्हाळा आठवावा लागेल. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका आधी स्कॅन करायच्या, मग प्राध्यापकांनी लॉग-इन करून तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. पण ती छोट्या प्रमाणावर न अजमावता एकाच हंगामात सर्व शाखांना लागू झाली. तयारीला वेळ मिळाला नाही, प्राध्यापकांना नवी पद्धत अंगवळणी पडली नव्हती, आणि काही बिघडले तर काय करायचे याची पर्यायी योजना कोणाकडे नव्हती.

कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली. ती पाळली गेली नाही. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पदव्युत्तर प्रवेश, परदेशी विद्यापीठांतील जागा, नोकरीचे प्रस्ताव अशा सगळ्यांवर त्याचा परिणाम झाला. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

हा प्रकल्प वेब टीमचा नव्हता, तो परीक्षा व्यवस्थेचा होता. पण त्यातला धडा प्रत्येक विद्यापीठाच्या वेब टीमसाठी आहे. तारीख आधी जाहीर करायची आणि क्षमता नंतर शोधायची, हा क्रम उलटा आहे. आधी एका लहान अभ्यासक्रमावर प्रयोग, मग एका विद्याशाखेवर, मग सर्वांवर. आणि प्रत्येक टप्प्यावर मागे येण्याची वाट मोकळी.

उद्दिष्ट कशाला म्हणायचे आणि प्रकल्प कशाला?

विद्यापीठांच्या वार्षिक आराखड्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते. ‘मोबाइल अॅप सुरू करणे’ हे उद्दिष्ट म्हणून लिहिले जाते. तो प्रकल्प आहे. ‘हॉल तिकीट मोबाइलवर दोन मिनिटांत डाउनलोड करता आले पाहिजे’ हे उद्दिष्ट. ते गाठण्यासाठी अॅप लागेल, की साधे हलके वेबपान पुरेल, हा नंतरचा प्रश्न. क्रम चुकला की अॅप तयार होते, उद्घाटन होते आणि हॉल तिकिटासाठी विद्यार्थी तरीही झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतो.

उद्योगजगतात ‘उद्दिष्टे आणि प्रमुख निष्पत्ती’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ती घडवली आणि जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलला शिकवली. तिचा गाभा अगदी साधा आहे. कुठे पोहोचायचे ते एका वाक्यात लिहा, आणि पोहोचलो हे कोणत्या आकड्यांवरून कळेल ते त्याखाली लिहा. विद्यापीठाच्या वेब टीमने यासाठी महागडा सल्लागार नेमण्याची गरज नाही. प्रत्येक उद्दिष्टाला तीन प्रश्न विचारले तरी भागते. यामुळे कोणाचे कोणते काम सोपे होईल? ते झाले हे कसे मोजणार? आणि कधीपर्यंत?

या कसोटीवर उतरतील अशी चार उद्दिष्टे मी सुचवेन.

• निकाल जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या तासात, निकाल पाहणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तो पहिल्या प्रयत्नात दिसावा.

• परीक्षा, शुल्क आणि मुदत यांविषयीची प्रत्येक सूचना मुखपृष्ठापासून दोन क्लिकमध्ये, मराठीत आणि मजकुराच्या स्वरूपात मिळावी.

• सर्वाधिक पाहिली जाणारी वीस पाने साध्या स्मार्टफोनवर अडीच सेकंदांत दिसावीत. गूगलच्या निकषांनुसार पानातील मुख्य आशय अडीच सेकंदांत दिसला, आणि चारपैकी तीन भेटींत तसे झाले, तर ते पान ‘चांगले’.

• दृष्टिहीन विद्यार्थ्याला कोणाचीही मदत न घेता स्क्रीन रीडरच्या आधारे परीक्षा अर्ज भरता यावा.

चारच का? कारण दहा लिहिली की एकही पूर्ण होत नाही. मोजक्या माणसांच्या टीमला वर्षात चार उद्दिष्टेही जड आहेत.

वर्षाचे वेळापत्रक कोठून सुरू करायचे?

मुंबईत पाऊस जूनमध्ये येतो, हे सर्वांना माहीत असते. तरी नालेसफाई पूर्ण झाली का, यावर दर वर्षी वाद होतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील गर्दीही तशीच आहे. ती अचानक येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि कमाल मर्यादा ४५ दिवसांची आहे. म्हणजे परीक्षेचे वेळापत्रक लागले की निकालाच्या गर्दीचा आठवडाही साधारण कळलेला असतो.

म्हणून वेब टीमचे नियोजन आर्थिक वर्षावर नव्हे, शैक्षणिक दिनदर्शिकेवर बेतायला हवे. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा. प्रवेश, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकन, दीक्षान्त समारंभ हे सगळे त्यावर मांडा. प्रत्येकाच्या आधीचे दोन ते तीन आठवडे लाल रंगवा. या काळात संकेतस्थळावर कोणताही मोठा बदल करायचा नाही. सॉफ्टवेअर कंपन्या याला ‘कोड फ्रीज’ म्हणतात. दुकानदार दिवाळीच्या आठवड्यात दुकानाचा रंग काढत नाही, तसेच हे.

जे आठवडे कोरे राहतील, ते खरे कामाचे. मोठे प्रकल्प तिथे बसवायचे. त्यांत मावत नाहीत, ते प्रकल्प पुढच्या वर्षी. आणि मार्चमध्ये अधिसभेपुढे अर्थसंकल्प जातो, तेव्हा वेब टीमची मागणी ‘नवे संकेतस्थळ’ अशा एका ओळीत न जाता या कागदासह गेली पाहिजे.

निकालाच्या दिवशी तांत्रिक पातळीवर नेमके काय बिघडते?

समजा, एका कार्यालयात एकच खिडकी आहे. प्रत्येक विद्यार्थी येतो, नाव सांगतो, कारकून आत जातो, कपाटातून फाइल काढतो, गुण कागदावर उतरवतो आणि देतो. दिवसाला शंभर जण आले तर हे ठीक चालते. एका तासात लाख आले तर कारकून कोलमडतो. अनेक निकाल पोर्टल असेच चालतात. प्रत्येक विनंतीसाठी डेटाबेसला विचारणा होते आणि पान त्या क्षणी तयार केले जाते. पान उघडत नाही म्हणून विद्यार्थी पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो आणि विनंत्यांची संख्या आणखी वाढते.

पण निकाल एकदा लागला की तो मिनिटागणिक बदलत नाही. मग प्रत्येकाचे निकालपत्र आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येते. दिवस उजाडल्यावर सर्व्हरला ते फक्त हातात द्यायचे असते. अशा तयार फाइल वेगवेगळ्या शहरांतील सर्व्हरवर ठेवणारी सेवा घेतली, तर गर्दी एका दारात साचत नाही. कोणीही कोणाचाही निकाल पाहू नये म्हणून आसन क्रमांकासोबत आणखी एक तपशील विचारता येतो. दहावी-बारावीच्या निकालात आईचे नाव विचारतात, तसा. शाखानिहाय निकाल वेगवेगळ्या वेळी जाहीर करणे हा आणखी एक उपाय. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

या सगळ्याची रंगीत तालीम आधी व्हायला हवी. कृत्रिम गर्दी निर्माण करून संकेतस्थळ किती भार पेलते, हे तपासण्याची साधने मोफत मिळतात. ही चाचणी निकालाच्या तीन आठवडे आधी झाली, तर दुरुस्तीला वेळ राहतो. न केल्यास ती चाचणी विद्यार्थीच करतात, निकालाच्या दिवशी.

पीडीएफ आणि मराठीचा प्रश्न काय आहे?

परिपत्रक टंकलिखित होते, त्याची छापील प्रत निघते, सही-शिक्का होतो, मग तो कागद स्कॅन करून पीडीएफ चढवली जाते. हे मजकुराचे छायाचित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही. गूगलला त्यातले नीट वाचता येईल याची खात्री नसते. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान बहुधा कोरे असते. सहा इंची पडद्यावर ते वाचायचे तर बोटांनी मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते.

मराठीत आणखी एक गुंता आहे. कित्येक कार्यालयांत जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकन करण्याची सवय टिकून आहे. त्या फाइलमधला मजकूर दिसायला मराठी असतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येते. देवनागरी तर युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे तंत्र कधीच आले. अडले आहे ते टेबलावर.

उपाय सोपा आहे. सही-शिक्क्याची पीडीएफ ठेवा, पण तिच्या वर चार ओळी मजकूर लिहा. ही सूचना कोणासाठी आहे, काय करायचे आहे, शेवटची तारीख कोणती, शुल्क किती. फाइलला ‘परिपत्रक क्रमांक अमुक’ असे शीर्षक न देता ‘बीकॉम तिसरे वर्ष : परीक्षा अर्जाची मुदत वाढली’ असे द्या. माझ्या मित्राची मुदत या एका ओळीने वाचली असती.

या चार ओळी वेब टीमने लिहायच्या नाहीत. ज्या विभागाची सूचना, त्या विभागाने त्या लिहून द्यायच्या. नाही दिल्या तर सूचना चढणार नाही. हा नियम कुलसचिवांच्या सहीने निघाला, तरच तो चालेल.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. नागरिकाला अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतू. ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्याच कलमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२४ मध्ये उच्च शिक्षण संस्थांनी स्वतःची माहिती संकेतस्थळावर जाहीर करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती तंत्रज्ञान सर्वांसाठी सुलभ असण्याची हमी देतो. केंद्राच्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय निकषांची ‘डबल ए’ पातळी गाठायला सांगते. उदाहरणार्थ, नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेद किमान साडेचारास एक असावा. पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिणाऱ्या बॅनरनी हे वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण केवायसीच्या प्रक्रियेत अडणाऱ्या आम्लहल्लापीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींचे होते, पण त्यातले तत्त्व परीक्षा अर्जालाही लागू पडते.

हे काम ‘नंतर करू’ म्हटल्यास काय होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलाने दाखवले. तिथले जाहीर व्हिडिओ कर्णबधिर व दृष्टिहीनांना वापरता येत नाहीत, असे अमेरिकी न्याय विभागाने २०१६ मध्ये कळवले. ती दुरुस्ती महाग पडेल म्हणून विद्यापीठाने २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक व्हिडिओ जनतेसाठी बंद केले. सुलभता सुरुवातीच्या आराखड्यात नव्हती, म्हणून शेवटी नुकसान सर्वांचेच झाले.

काय थांबवायचे, हेही ठरवायचे का?

माझ्या मते नियोजनातले सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाचे काम हेच. ब्रिटनने २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे एकत्रित सरकारी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यामागच्या टीमच्या तत्त्वांत पहिले होते वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात, आणि दुसरे होते कमी करणे. सरकारनेच करायला हवे तेवढेच सरकारने करावे.

आपल्या वेब टीमने ‘यंदा न करण्याच्या कामां’ची यादी लिहून व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावी. मुखपृष्ठावर सरकत्या छायाचित्रांची रांग नको. लुकलुकणारे ‘नवीन’ नको. सहा महिन्यांपूर्वीच्या सूचनेवरही ते लुकलुकत असते. प्रत्येक विभागाला वेगळे उपसंकेतस्थळ नको. आणि चॅटबॉट तर इतक्यात नकोच. खाली माहितीच नीट लावलेली नसेल, तर चॅटबॉट चुकीची मुदत मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवेल, आणि भुर्दंड त्यालाच बसेल.

पैसे आणि माणसे नाहीत, त्याचे काय?

हा आक्षेप खोटा नाही. पदे रिक्त आहेत, कंत्राटी मुलांना चांगली नोकरी मिळाली की ती जातात, आणि जाताना संकेतस्थळाची सगळी माहिती डोक्यात घेऊन जातात. शिवाय वेब टीम कागदावर कितीही छान योजना आखो, कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन आला की बॅनर लावावाच लागतो.

पण वर सुचवलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. त्यांना निर्णय लागतो. दिनदर्शिका आखणे, बदल गोठवण्याचे आठवडे ठरवणे, सूचनेवर चार ओळी लिहिणे, निकाल टप्प्याटप्प्याने लावणे, पासवर्ड आणि कामाच्या पद्धती लिहून ठेवणे. जिथे पैसा लागेल, तिथे तो दर चार वर्षांनी एकगठ्ठा नव्या संकेतस्थळावर उधळण्याऐवजी दर वर्षी देखभालीवर थोडा थोडा खर्च करावा. लोकार्पणाचा फोटो मिळणार नाही, एवढाच तोटा.

विद्यापीठांकडे संगणकशास्त्राचे विभाग आहेत, संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना फुकटचे मनुष्यबळ समजून संकेतस्थळ चालवायला देऊ नये. मात्र चाचणीसाठी त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. पाच विद्यार्थ्यांना समोर बसवा, हातात त्यांचाच फोन द्या, ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज शोधा’ म्हणा आणि गप्प बसून पाहा. कुठे अडते, ते तासाभरात कळेल. ही चाचणी तिमाहीत एकदा झाली आणि सापडलेल्या अडचणींपैकी तीन जरी सुटल्या, तरी वर्षात बारा दुरुस्त्या होतील.

वाचक म्हणून तुम्ही काय करू शकता?

आत्ता तुमच्या हातातल्या फोनवर तुमच्या विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडा. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख शोधा. दोन मिनिटांत सापडली का? ती मजकुरात आहे की स्कॅन केलेल्या कागदात? नसेल सापडली, तर कुठे अडलात ते तीन ओळींत लिहा आणि स्क्रीनशॉटसह कुलसचिवांना ईमेल करा. ‘साइट बकवास आहे’ या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. ‘हॉल तिकिटाची लिंक ३ क्लिकनंतर चुकीच्या पानावर नेते’ या तक्रारीवर करता येते. अधिसभेत विद्यार्थ्यांचे आणि पदवीधरांचे प्रतिनिधी असतात. त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा : वेब टीमची या वर्षाची उद्दिष्टे कोणती, आणि ती कोठे लिहिलेली आहेत?

ज्या मुलाच्या घरी पदवीपर्यंत पोहोचलेले आधी कोणी नाही, जो तालुक्याच्या गावातून शिकतो, ज्याला विद्यापीठात जायला एसटीचा दिवसभराचा प्रवास आहे, त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे फोनवर उघडणारे ते पान. त्याच्या ओळखीचा कारकून परीक्षा भवनात नाही. ते पान उघडले नाही, तर तो कोणाला फोन करणार?

निकालाच्या दिवशीची ती ‘थेट लिंक’ची बातमी आम्ही पुढच्या हंगामातही लिहू. एखाद्या वर्षी ती कोणी वाचलीच नाही, कारण निकाल जिथे हवा तिथे पहिल्या क्लिकवर सापडला, असे झाले तर आमचे आकडे पडतील. मला चालेल.